इटालीय कृतज्ञतामीमांसा : ऋणखंड

उपकार घडताक्षणी उपकृताच्या मुखातून जी शब्दरूप हुंडी बाहेर पडते, तिला प्रस्तुत शास्त्रात 'ग्रात्सिए' ही संज्ञा आहे. उपकारकर्त्याने ती तत्काळ नाकारणे, हे तिच्या वैधतेचे अनिवार्य लक्षण होय.

परिमाणानुसार ग्रात्सिएचे चार भेद मानावेत : (१) एकल, (२) बहुल, म्हणजे 'तान्ते ग्रात्सिए', (३) सहस्र, म्हणजे 'ग्रात्सिए मिल्ले', (४) अनंत, म्हणजे 'ग्रात्सिए इन्फिनिते'. नऊशे आभारांचा प्रयोग शिष्टसंमत नाही, सतराशेचाही नाही. मीठदाणी सरकवणाऱ्यास अनंत अर्पण करणे हा अतिव्याप्तीचा दोष, तर हरवलेले पाकीट आणून देणाऱ्याची एकलावर बोळवण करणे हा अव्याप्तीचा.

प्रत्युत्तराविषयी मात्र आचार्यांत तीव्र मतभेद आहेत. शून्यवादी ('दि नियेन्ते', 'दि नुल्ला') उपकाराचे अस्तित्वच अमान्य करतात. अहेतुवादी ('नोन चे दि के') उपकार मान्य करतात, परंतु आभारास कारण उरत नाही असे प्रतिपादतात. कल्पनावादी 'फिगूराती' म्हणून समोरच्यास कल्पना करून पाहण्याचे आवाहन करतात. कशाची, ते सांगत नाहीत. अपरिचित वा वडीलधाऱ्या व्यक्तीने हीच कल्पना 'सि फिगूरी' अशा आदरार्थी रूपात करावयाची असते. 'प्रेगो'पंथ या वादात पडत नाही. त्याचे एकमेव पद आभारांना उत्तर म्हणून चालते, दुसऱ्यासाठी दार धरून ठेवताना चालते, आणि दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकास त्यानेच पाचारण करतो.

बेनेव्हेंतोचे आर्चबिशप जोव्हान्नी देल्ला कासा यांच्या मृत्यूनंतर १५५८ साली प्रसिद्ध झालेल्या 'गालातेओ' या ग्रंथात औपचारिकतेच्या अतिरेकावर कठोर टीका आहे. इटालीयांनी ती शिरोधार्य मानून ग्रंथाचे नाव शिष्टाचारालाच देऊन टाकले.

आता ऋणफेड. रविवारी जेवावयास येणारा पाहुणा मिठाईचा ट्रे आणतो : पुठ्ठ्याचे तबक, वर दुकानाचा कागद, त्यावर फीत, आणि फितीला बोट अडकवण्यापुरता फास. यजमानीणबाई उद्गारतात, "कशाला उगाच त्रास घेतलात!" पाहुणा 'चि मांकेरेब्बे' म्हणतो, म्हणजे एवढेही न करणे अशक्यच होते. त्रास न घेता आलेल्या पाहुण्याची चर्चा तो गेल्यावर होते. ज्याचे हात त्या दिवशी रिकामे असतील, त्याने 'अ ब्वोन रेन्देरे' म्हणून परतफेडीचे वचन द्यावे. या वचनास मुदत नसते. व्याज चढत असावे, असा आमचा कयास आहे.

नेपल्समधील 'काफ्फे सोस्पेझो' हे या शास्त्रातील सर्वांत बिकट प्रकरण. एक कॉफी पिऊन दोहोंचे पैसे मोजावयाचे आणि निघून जावयाचे. दुसरी कॉफी पुढे येणाऱ्या एखाद्या गरजू अनोळखी माणसाची. येथे हुंडी काढावी तर कोणाच्या नावे? ऋणको अखेर कॉफी ओतणाऱ्यालाच ग्रात्सिए म्हणतो. त्याने उपकार केलेलाच नसतो. अशा वेळी त्याने 'दि नियेन्ते' म्हटल्यास शून्यवाद्यांचा सिद्धांत शब्दशः सत्य ठरतो. या कोटीतील दुसरे उदाहरण आमच्या अवलोकनात नाही.

अपवाद एकच. परीक्षेस निघालेल्यास 'इन बोक्का आल लूपो', अर्थात लांडग्याच्या तोंडात जा, अशी शुभेच्छा दिली जाते. तीस ग्रात्सिए म्हणणे अशुभ मानतात. 'क्रेपी', म्हणजे मरो तो, असे म्हणावे. अलीकडे प्राणिस्नेही उपशाखेने 'लांडगा चिरायू होवो' हा पाठभेद रूढ केला आहे. त्यामुळे परीक्षार्थ्याच्या गुणांवर काय परिणाम होतो, याचा निर्णय प्रलंबित आहे.