वाटेवरचे सर

बीदर, भालकी, बसवकल्याण या पट्ट्यात थंडी पडली की रविवारी पहाटे एखादा घोळका गावाबाहेर पडतो. त्याच्या पुढे दहा पावलांवर 'सर' असतात. सर बहुधा निवृत्त शिक्षक. नसले तर तहसिलीतून सुटलेले आणि मागाहून शिक्षक झालेले. वेश ठरलेला: माकडटोपी, स्वेटर, कॅनव्हासचे बूट आणि हातात काठी. काठी टेकायला नसते, दाखवायला असते.

बीदरच्या सरांची पहिली अडचण भूगोलाची. गावच मुळी सुमारे २,२०० फुटांवर, जांभ्या दगडाच्या पठाराच्या काठावर वसलेलं. त्यामुळे इथे डोंगर आधी उतरायचा आणि मग चढायचा. ताज्या पायांनी उतार, दमलेल्या पायांनी चढ. सर मात्र याला 'शास्त्रीय पद्धत' म्हणतात. उतरताना ते काठीने दगड ठोकून दाखवतात: जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी पितो, खालचा काळा दगड ते अडवतो, म्हणून पठाराच्या कडांना पापनाश, नानक झिरा, नरसिंह झरणी असे झरे फुटतात. ही माहिती अगदी बरोबर असते. ती ऐकायला घोळका थांबला, तेवढीच विश्रांती.

अंतराबाबत मात्र सरांवर विश्वास ठेवू नये. 'इथंच हाय की' हे त्यांचं माप. सोबत्यांत कन्नड माणूस असला तर 'इल्ले अद', दखनी बोलणारा असला तर 'यहींच है'. तिन्ही भाषांत अंतर सारखंच भरतं: निदान अर्धा तास.

मुक्काम बहुतेक वेळा अष्टूरच्या बहमनी थडग्यांपाशी. गुलबर्ग्याची राजधानी बीदरला केव्हा आली, याचं साल पुस्तकागणिक बदलतं. सरांचं साल श्रोत्यागणिक बदलतं. अहमदशहा वलीच्या घुमटाखाली ते आवाज खाली आणतात. रंगवलेल्या छताकडे काठी रोखून सांगतात की या सुलतानाला लिंगायत अल्लमप्रभू मानतात आणि उरुसाला मड्याळचे जंगम पायी येतात. थेट कलबुर्गी जिल्ह्यातून जंगम चालत येतात आणि आपले लोक अर्ध्या वाटेत पाणी मागतात, हा टोमणा दर वर्षी त्याच जागी येतो. तोवर मागचे तिघं-चौघं हळूच शेताकडे वळलेले असतात.

कारण खरं मुक्कामाचं ठिकाण शेत, हे घोळक्यातल्या सर्वांना ठाऊक असतं, सरांनाही. पौष-माघात शाळू हुरड्याला आला की इतिहास आपोआप आटोपतो. बांधालगत खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटलेली असते. शेतकरी निखाऱ्यातून कणीस काढतो, तळहातांवर चोळतो, फुंकर मारून भुसा उडवतो आणि हिरवे, वाफाळते दाणे पुढ्यात टाकतो. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. यालाच कन्नड मंडळी 'सीतनी' म्हणतात, हे सांगायला सर तोंड उघडतात, आणि तिसऱ्या ओंजळीनंतर तेही सोडून देतात. 'बस' म्हणण्याची सरांची पद्धत म्हणजे हात आडवा धरणं, पण बोटं फाकवून.

वर्षातून एका दिवशी मात्र सरांना घोळका मिळत नाही: येळवस. मार्गशीर्ष अमावास्येला निम्मं गाव आपापल्या शेतात भज्जी-आंबिलीला बसलेलं असतं. अशा दिवशी सर एकटेच निघतात आणि वाटेतल्या प्रत्येक कोपीपाशी रस्ता विचारतात. ज्या रस्त्याने ते तीस वर्षं चाललेले असतात, तोच. कोणीही रस्ता सांगत नाही, जेवायला बसवतं.

परतीला चढ येतो. आता सर घोळक्याच्या शेवटी असतात, 'मागं कोणी राहू नये' म्हणून. मध्येच एखादी रिकामी ॲपे रिक्षा पठाराकडे जाताना दिसते. काठी आपसूक वर होते. घोळका पळत मागे येतो तोवर सर ड्रायव्हरशेजारी बसलेले असतात आणि त्याला सांगत असतात, 'चला, इथंच हाय की.'