एक ककार पुरे

पत्रकारितेच्या वर्गात बातमीचे सहा ककार शिकवतात: कोण, काय, कुठे, कधी, का, कसे. आमच्या वर्धा जिल्ह्यात हा पसारा आटोपशीर करण्यात आला, याबद्दल वार्ताहरबंधूंचे जाहीर अभिनंदन. पाच ककार गाळले. 'कोण' तेवढा राखला.

परवाची भूमिपूजनाची बातमी पाहा. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, सूत्रसंचालन, आभार आणि 'यशस्वितेसाठी परिश्रम घेतले' मिळून 31 नावे. उलट्या पिरॅमिडचा नियमही काटेकोर पाळलेला. सर्वांत महत्त्वाचे आधी, म्हणजे शेजारी ज्यांची पाव पान जाहिरात, ते. भूमिपूजन कशाचे, हे तळाशी होते. जागा कमी पडली, तेव्हा उपसंपादकाने शास्त्रानुसार तळ कापला.

याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामात बसून गांधीजी 'हरिजन'साठी लिहीत. त्या साप्ताहिकात जाहिरात नसे. मग कोणाचे नाव आधी घ्यायचे, हे त्यांना कळे तरी कसे, देव जाणे.

आता पुढचे पाऊल उचलावे. कार्यक्रम तरी कशाला? नावांची यादी आणि फोटो थेट कार्यालयात पोचवावेत. मंडप, माइक आणि चिवडा-चहाचा खर्च वाचेल.

गेल्या पावसाळ्यात आमचा एक वार्ताहरमित्र त्याच भूमिपूजनाच्या रस्त्यावर गाडीसकट खड्ड्यात गेला. पायाला प्लास्टर असूनही खाटेवरून बातमी धाडली. दुसऱ्या दिवशी ठळक छापून आली: प्रकृतीची विचारपूस करणाऱ्या 14 मान्यवरांच्या नावांसह.

खड्डा शेवटच्या ओळीत होता.