पायावर फिरलेल्या कोंबडीचं

आप्पा कुणाकडेही गेले की आधी फ्रिज उघडतात. पाणी प्यायला नव्हे. दारातल्या खळग्यांच्या कप्प्यातली अंडी एकेक उचलून निमुळती बाजू खाली, बोथट बाजू वर अशी फिरवून लावतात आणि मग विचारतात, "वहिनी, दारात का ठेवता हो ही? दिवसभर उघडझाप, दिवसभर गरम वारा. आत ठेवावीत, मागच्या बाजूला." वहिनी चहा गाळत "हो भावजी" म्हणतात आणि आप्पा गेले की अंडी पुन्हा दारात येतात. आत जागा कुणाच्या फ्रिजमध्ये असते?

आप्पांचं म्हणणं खोटं नाही. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी असते. ते टोक वर राहिलं की बलक मधोमध राहतो आणि अंडं जरा जास्त टिकतं. अंड्याच्या बाबतीत आप्पा फारसे चुकत नाहीत, हाच त्यांचा त्रास आहे.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ. तसा असा माणूस प्रत्येक सोसायटीत एक असतोच. कुणी लाकडी घाण्याच्या तेलामागे लागतो, कुणी देवगडच्या पेटीमागे, कुणी गीर गाईच्या तुपामागे. आमच्या वाट्याला गावरान अंडंवाले आले. "पायावर फिरलेली कोंबडी पाहिजे," हे त्यांचं पालुपद. पिंजऱ्यातल्या कोंबडीलाही दोन पाय असतात, असं एकदा कुणीतरी म्हणालं. "असतात. पण ती ते वापरते का?" आप्पांनी विचारलं.

अंडी आणायला ते स्कूटरवरून पौडच्या पुढे जातात, मुळशीच्या अंगाला. डिकीत जुना पत्र्याचा डबा आणि त्यात भाताचं तूस. लाकडाचा भुसा चालत नाही, कारण कवचाला बारीक छिद्रं असतात आणि अंडं बाहेरचा वास ओढून घेतं. वाटेतले सगळे गतिरोधक त्यांना पाठ आहेत. मागे बसणाऱ्याला आधीच सांगून ठेवतात, "दचका बसला तर स्वतःला सांभाळा, डबा मी बघतो."

वाटेत टोपली घेऊन बसलेल्या बाईपाशी थांबले की उलटतपासणी सुरू. कोंबडी रात्री कुठे बसते? खुराड्यात की डालग्याखाली? दाणा काय टाकता? उकिरड्यावर जाते ना? उकिरडा कुणाचा? मग खिशातला रुमाल ओला करून एखादं अंडं पुसून बघायचं. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावरान म्हणून खपवतात, हे त्यांनी ऐकलेलं आहे. कवचाचा रंग खाण्यावर नाही, कोंबडीच्या जातीवर ठरतो, हेही त्यांना ठाऊक आहे. तरी रुमाल निघतोच. एका मॉलमध्ये 'फ्री रेंज' लिहिलेला खोका हातात धरून त्यांनी तिथल्या पोराला विचारलं होतं, "या कोंबडीनं ऊन बघितलंय का रे?" पोरगं गोंधळून मॅनेजरला बोलवायला गेलं.

घरी आल्यावर खरी पूजा. अंडी धुवायची नाहीत. वरचं नैसर्गिक आवरण धुण्याने जातं, मग छिद्रं उघडी पडतात. घाण असेल तर कोरड्या फडक्याने पुसायची. शंका आली की अंडं पाण्याच्या पातेल्यात सोडायचं. तळाशी आडवं झोपलं तर ताजं, तिरकं उठलं तर आधी संपवायचं, तरंगलं तर बाहेर. आतलं पाणी उडतं तशी हवेची पोकळी वाढते, म्हणून हे होतं. संध्याकाळी दिवे घालवून मोबाईलच्या उजेडावर एकेक अंडं धरायचं. काकूंची मालिका तेव्हा अंधारात चालू असते. शेवटी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख आणि खाली कोंबडीचं आद्याक्षर: तां म्हणजे तांबडी, का म्हणजे काबरी. पेन नाही, शाई आत उतरते.

उकडायची वेळ आली की मात्र फजिती. ताज्या अंड्याचं टरफल पांढऱ्याला घट्ट चिकटून बसतं. चारेक दिवस जुनं अंडं लोण्यासारखं सोललं जातं, आप्पांचं मात्र सोलून झाल्यावर खड्डे पडलेलं, अर्धं उरलेलं. पण ते खूश. टरफलाला लागलेला पांढरा भाग सगळ्यांना दाखवतात. "चिकटलं बघा! आजचंच आहे." नातू मुकाट्याने टरफलं चाटतो.

बलकाच्या रंगावर तर ते पंधरा मिनिटं बोलू शकतात. केशरी बलक म्हणजे कोंबडीने हिरवं खाल्लं, किडे खाल्ले, दिवस हिंडण्यात घालवला. शेती महाविद्यालयात शिकणाऱ्या समोरच्या पोराने सांगितलं, "आप्पा, खाद्यात झेंडूचा अर्क घातला तरी बलक केशरी होतो." आप्पा दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी जिन्यात गाठून म्हणाले, "मग दसऱ्यानंतर मंडईत पडलेल्या झेंडूवर कोंबड्या सोडायला काय हरकत आहे?"

पिंजऱ्यातल्या अंड्यांवर त्यांचा तसा राग नाही. अंड्यांना भाव मिळावा म्हणून 1982 साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती झाली, तिचं मुख्यालय पुण्यातच, हे ते अभिमानाने सांगतात. गावठी कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देते आणि पिंजऱ्यातली 300 च्या घरात, हा हिशेबही त्यांना कळतो. "देशाला पुरायला ती पाहिजेतच," म्हणतात. "मला नकोत, एवढंच."

एकदा आम्ही त्यांच्याबरोबर, ते नेहमी अंडी घेतात त्या मावशींकडे गेलो. मावशी म्हणजे आप्पांचं विद्यापीठ. अंगणात तांबडी, काबरी आणि एक तुरेबाज कोंबडा. आप्पा डब्यात अंडी रचत होते, तेवढ्यात आतून ऑम्लेटचा वास आला. चुलीजवळ दुकानातला पांढऱ्या अंड्यांचा अख्खा ट्रे. आप्पा बघतच राहिले.

"मावशी, हे काय?"

"पोरं खातात की. तुमाला पंधराला देते, दुकानात सातला मिळतं. घरचं खाऊन परवडंल का?"

परतताना सगळ्या घाटात आप्पा बोलले नाहीत. चांदणी चौकात सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "बाई हिशेबाला पक्की आहे. अशाच माणसाकडून अंडी घ्यावीत."

आता गेले काही आठवडे डबा रिकामा आहे, कारण तांबडी खुडूक बसली. मावशी म्हणाल्या, पाण्यात दोनदा बुचकळून काढते, खूळ उतरंल, पुन्हा घालायला लागंल. आप्पांनी फोनवरच हात जोडले. "तसलं काही करू नका, बसू द्या तिला." बाराएक अंडी खाली, एकवीस दिवस. रोज सकाळी फोन: खाल्लं का, उठली का, पाऊस आत येतो का. शेजारच्या वाडीतली बाई अंडी द्यायला तयार होती. आप्पा नको म्हणाले. "तिची कोंबडी कुठे जाते, कुणाबरोबर असते, मला काय माहीत?"

परवा बेल वाजली. दारात आप्पा, हातात पेढ्यांचा पुडा. सुनेचं काही असेल म्हणून बायको लगबगीने पुढे झाली.

"कोण झालं हो भावजी?"

"नऊ झाली. तांबडीला."

"अरे वा! म्हणजे आता अंडी सुरू."

आप्पांनी पुडा मागे घेतला. "वहिनी, बाळंतीण आहे ती! पिल्लं मोठी होईपर्यंत दोन-तीन महिने अंड्याचं नाव काढायचं नाही." आणि बोलता बोलता स्वयंपाकघराकडे वळून त्यांनी फ्रिजचं दार उघडलंसुद्धा.