दिवस मोजणारा दुबईकर

आखाती देशांत नोकरी करणाऱ्या मराठी माणसांत एक प्रकार असा आढळतो की ज्याचे वर्ष पाडव्याला सुरू न होता १ एप्रिलला सुरू होते, आणि ज्याला स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस आठवला नाही तरी चालू आर्थिक वर्षात आपण भारतात किती दिवस काढले हा आकडा झोपेतून उठवून विचारला असता बिनचूक सांगता येतो.

या पाठांतराचे मूळ आयकर कायद्यातील निवासाच्या कल्पनेत आहे. कोणाच्या कोणत्या उत्पन्नावर कर लावायचा हे ठरवताना कायदा मुख्यतः माणसाने त्या वर्षी देशात किती दिवस मुक्काम केला ते पाहतो. १८२ किंवा अधिक दिवस राहिलेला माणूस ‘निवासी’ ठरून त्याच्या जगभरच्या कमाईचा विचार होऊ शकतो. परदेशी नोकरी करून सुट्टीपुरता येणारा सामान्यतः ‘अनिवासी’ राहतो आणि त्याच्या केवळ भारतातील उत्पन्नाचा, म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटचे भाडे व मुदत ठेवींचे व्याज यांचा, हिशेब होतो. भारतातील उत्पन्न १५ लाखांच्या वर गेल्यास २०२० पासून नियम अधिक कडक झाले आहेत, परंतु या माणसाचे उत्पन्न तेथवर पोचलेले नसते. काळजी मात्र केव्हाच पोचलेली असते. येण्याचा दिवस धरायचा की सोडायचा हा वाद आयकर अपील न्यायाधिकरणापर्यंत गेलेला असल्यामुळे विमान निवडताना तो भाड्याइतक्याच बारकाईने ते मुंबईत मध्यरात्रीच्या अलीकडे उतरते की पलीकडे हेही पाहतो. वास्तविक अमिरातीच्या कामगार कायद्याप्रमाणे त्याला वर्षाला ३० दिवसांची रजा मिळते आणि तीही साहेब तुकड्यातुकड्यांनी देतो, त्यामुळे १८२ ची रेषा ओलांडायची झाली तर आधी त्याला नोकरी गमवावी लागेल. पण सीएला फोन करताना हा मुद्दा त्याला सुचत नाही.

गणेशोत्सवात नव्याने आलेल्या मंडळींना गाठून “आपल्याला इथे टॅक्स नाही” हे तो इतक्या अभिमानाने सांगतो की जणू ती सवलत त्यानेच मिळवून दिली असावी. पगारावर कर नाही हे खरेच आहे. खरेदीवर २०१८ पासून पाच टक्के मूल्यवर्धित कर लागतो आणि घरभाड्याच्या पाच टक्के पालिकेचे शुल्क दर महिन्याच्या वीज-पाण्याच्या बिलातून जाते; त्यांना तो कर न म्हणता महागाई म्हणतो.

आरोग्याच्या बाबतीत त्याची वृत्ती याच्या नेमकी उलट, म्हणजे वसुलीची असते. दुबईत २०१३ च्या कायद्याने नोकरदाराचा आरोग्य विमा उतरवणे मालकावर बंधनकारक केले असल्याने हप्ता कंपनी भरते, आणि फुकट मिळालेले कार्ड वाया जाऊ नये म्हणून साध्या शिंकेसाठीही तो क्लिनिक गाठतो. तेथे डॉक्टरला लक्षणे सांगण्याआधी तो काउंटरवर ‘को-पे’ किती, म्हणजे बिलातला रुग्णाने स्वतः भरायचा वाटा किती, याची चौकशी करतो आणि वाटा मोठा निघाल्यास त्याला जागच्या जागी बरे वाटू लागते. बायकोमुलांचा विमा मात्र ज्याच्या व्हिसावर ती राहतात त्याने उतरवायचा असतो, म्हणजे यानेच. म्हणून घरात सर्वांत स्वस्त योजना येते आणि तिच्यासोबत व्यायाम, पालेभाज्या व लवकर झोपणे यांवरील एक व्याख्यान येते.

दातांवरचे नेहमीचे उपचार साध्या योजनांत बहुधा बसत नाहीत, त्यामुळे दात तो भारतासाठी राखून ठेवतो. डाव्या बाजूने चावत वर्षातले अकरा महिने काढून तो ठाण्याच्या दंतवैद्याकडे पोचतो, तोवर दाढ वाचवण्याजोगी उरलेली नसते आणि प्रकरण रोपणावर, म्हणजे जबड्याच्या हाडात धातूचा खुंट बसवून त्यावर कृत्रिम दात चढवण्यावर, जाते. खुंट हाडात पक्का व्हायला तीन-चार महिने लागतात, तेव्हा पुढच्या खेपेला कधी येणार असे दंतवैद्य विचारतो. तोंडात कापूस असतानाच हा बोटांवर मोजू लागतो, आणि ती खेप मार्चअखेर पडावी की एप्रिलमध्ये हे सीएला विचारल्याखेरीज तारीख देत नाही; दाताचा आणि मार्चअखेरचा संबंध काय, हे दंतवैद्य सौजन्याने विचारतो, आणि मागच्या खुर्चीवरच्या रुग्णाला आणखी अर्धा तास थांबावे लागते.