दशावतारी जोड आणि सोवळं

आमच्या फरीदाबादेत दिवाळीच्या आधी दिवे लागायच्या आत पत्ते लागतात. सेक्टरात आज या घरी, उद्या त्या घरी ‘ताश पार्टी’. पनीर टिक्का, तीन पत्ती आणि “भाईसाब, शगुन के लिए तो खेलना पड़ता है” हा आग्रह. एक पैसाही न लावणारा मराठी माणूस म्हणून सगळे माझी कीव करतात. मात्र याच माणसाच्या कपाटात पत्त्यांचे ढिगाने कॅट आहेत हे कळलं, की कीव संपते आणि संशय सुरू होतो.

“इतने सारे? खेलते हो?”

“नहीं.”

“बेचते हो?”

“नहीं जी.”

“फिर?”

या ‘फिर’पाशी माझं हिंदी संपतं. पत्ते जमवणाऱ्याचं दुखणंच विचित्र. कॅट उघडला तर त्याची किंमत उतरते आणि नाही उघडला तर आतली चित्रं दिसत नाहीत. म्हणून जाणकार दोन-दोन घेतात, एक फोडायला आणि एक न फोडायला. आमच्या हिचं म्हणणं, तिसराही घ्या, खेळायला.

नवे देखणे कॅट काढणारे चित्रकार आता जगभर आहेत. पण मला साध्या पत्त्यांच्या भानगडीही तितक्याच आवडतात. इस्पिकचा एक्का एवढा नटलेला का? तर इंग्लंडात पत्त्यांवर कर असे आणि तो भरल्याची खूण या एक्क्यावर येई. 1960 साली कर गेला, एक्क्याचा नट्टापट्टा राहिला. बदाम राजा तलवार डोक्यात खुपसून घेतल्यासारखा उभा असतो आणि चौघा राजांत बिनमिशीचा तो एकटाच. ही माहिती मी घरात मोठ्या गांभीर्याने सांगितली. ही म्हणाली, “मग तलवारीनं मिशीच काढत असेल.” इतकं पटणारं स्पष्टीकरण मला कुठल्याही पुस्तकात मिळालेलं नाही.

सूरजकुंडचा हस्तकला मेळा आमच्या उशाशीच. 1987 पासून भरत आलाय, बहुतेक वर्षी फेब्रुवारीत. तिथे ओडिशाच्या रघुराजपूरचे गोल गंजपा पत्ते मिळाले, चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड चढवलेल्या कापडाचे. पण संग्रहातलं माझं खरं दैवत म्हणजे सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा जोड. गोव्याला जाता-जाता तिथल्या राजवाड्यात शिरलो. दरबार हॉलमध्ये कारागीर मान खाली घालून रंगवत बसले होते. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे, इतका हा खेळ जुना. पण सावंतवाडीत ही कला पुंडलिक चितारी या एका म्हाताऱ्या कारागिरापाशी येऊन थांबली होती. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती उचलून धरली, राणीसाहेब स्वतः शिकल्या, म्हणून तर माझ्यासारख्याला जोड विकत घेऊन खिसा हलका करता आला.

जोडात 120 पत्ते. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकाचे बारा: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. राणी नाही, गुलाम नाही, जोकर नाही. अर्ध्या अवतारांत दश्शी मोठी, तर अर्ध्यांत एक्काच दश्शीला भारी. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे, त्याने सुरुवात करायची. रात्री कृष्णाचा ज्याच्याकडे, त्याने.

यंदा ताश पार्टी आमच्याकडे होती. ऐन वेळी घरातला एकुलता एक खेळायचा कॅट दोन पत्त्यांनी कमी निघाला. बाकीचे सगळे सीलबंद! फोडलेली अशी एक गंजिफाच. मी नियम सांगायला बसलो. तिघांनी खेळायचं, वाट्याला चाळीस-चाळीस पत्ते येणार म्हटल्यावर शेजारचे अंकल म्हणाले, “चालीस? ये ताश है या राशन?” त्यात पत्ते गोल. हातात पंख्यासारखे धरावेत तर निम्मे निसटून सोफ्याखाली. वराह बराच वेळ सापडेना.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या आंटींनी चष्मा लावून एक पत्ता निरखला. नंतर दुसरा. मग हातातला टिक्का बशीत ठेवला आणि दोन्ही कान धरले. “हाय राम! ये तो भगवान हैं!” राम नेमका त्यांच्याच हातात होता. देवांवर पैसे लावणाऱ्या, आणि तेही पनीरच्या तेलकट बोटांनी, अशा लोकांचं पुढे काय होतं याची दोन-तीन उदाहरणं त्यांनी जागच्या जागी दिली. अंकलनी खिशातली नोट परत खिशात घातली. जोड कुठे ठेवता, असं विचारल्यावर मी खरं ते सांगितलं: बुटांच्या कपाटावरचा खण. त्यानंतर माझं कुणी ऐकूनच घेतलं नाही.

आंटी आणि ही, दोघींनी मिळून दहाही अवतार पुसून-मोजून पेटीत भरले आणि पेटी देवघरात अन्नपूर्णेशेजारी ठेवली. पाडव्याला तिला हळदीकुंकू लागलं. संग्राहकांच्या हिशेबाने त्या डागांनी जोडाची किंमत निम्म्यावर आली. आंटींच्या हिशेबाने तिला आता मोलच नाही. त्या अधूनमधून खाली येतात, पेटीपुढे केळी ठेवून जातात.

मला गंजिफा बघायची तर आधी आंघोळ. थंडीत फरीदाबादला ती अकराच्या आत होत नाही. मध्यंतरी एक पत्तेवाले स्नेही खास संग्रह बघायला दिल्लीहून मेट्रोने आले. पण आमच्याकडे सुतक होतं, त्यामुळे संग्रह बंद होता.