मामलेदारांचा रोमन दौरा

युरोपातील ऐतिहासिक स्थळे पाहण्याचे दोन प्रकार आहेत: एक, ज्या वास्तूसाठी एवढा प्रवास केला तिच्या सान्निध्यात घटकाभर स्वस्थ बसण्याचा, आणि दुसरा, भाड्याची मोटार परत करण्याची वेळ होईतो जितकी शतके पदरात पडतील तितकी पाडून घेण्याचा. दक्षिण फ्रान्समधील आमची सहल उघडच दुसऱ्या वर्गात मोडणारी होती, आणि तिची सर्व सूत्रे दाजींच्या हाती असल्यामुळे तिला आपोआपच सरकारी दौऱ्याचे स्वरूप प्राप्त झाले होते. मामलेदारीतून निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली, तरी कोणत्याही वास्तूची चतुःसीमा मनाशी निश्चित केल्यावाचून दाजींना तिच्या सौंदर्याकडे वळवत नाही.

पहिला मुक्काम ऑरांज. तेथील रोमन नाट्यगृहाची रंगमंचामागील भिंत १०३ मीटर लांब आणि ३७ मीटर उंच असून, चौदाव्या लुईने तिला आपल्या राज्यातील सर्वोत्तम भिंत म्हणून गौरविल्याची आख्यायिका आहे. कोनाड्यातून सम्राट ऑगस्टसचा भव्य पुतळा आमच्याकडे पाहत होता. परंतु दौऱ्याच्या तक्त्यात ऑगस्टसला वीसच मिनिटे मंजूर असल्यामुळे त्याच्याशी विशेष परिचय होऊ शकला नाही.

आव्हिन्यों येथे मात्र प्रकरण थोडे लांबले. १३०९ पासून १३७७ पर्यंत पोपांची गादी रोमऐवजी या गावी होती, आणि त्यांचा दुर्गासारखा प्रासाद अजून उभा आहे. आमचे चिरंजीव भाचे, जे मोटारही हाकीत होते आणि माहितीही पुरवीत होते, यांनी सांगितले की हे शहर मुळात पोपांच्या मालकीचे नव्हतेच. ते सहाव्या क्लेमेंटने १३४८ मध्ये नेपल्सची राणी जोआन्ना हिच्याकडून ८०,००० फ्लोरिन मोजून विकत घेतले. हे ऐकताच दाजी जागच्या जागी थबकले.

"म्हणजे एकोणचाळीस वर्षे वहिवाट यांची, आणि वर पैसे मोजून खरेदीखत? आपला कूळकायदा असता तर राणीला एक दमडी मिळती ना!"

त्यानंतर त्या प्रासादातील उजाड दालने आणि उरलीसुरली भित्तिचित्रे ते ज्या नजरेने पाहत होते, तिच्यात कलास्वादापेक्षा अव्यवहारी माणसाबद्दलची कणवच अधिक होती.

ऱ्होन नदीवरील प्रख्यात पुलाच्या बावीस कमानींपैकी आता चारच शिल्लक आहेत. सतराव्या शतकात पुरांपुढे हात टेकून लोकांनी त्याची डागडुजी सोडून दिली, आणि तेव्हापासून तो पात्रात थोडा पुढे जाऊन थांबलेला आहे. तिकीट काढून तेथवर जायचे आणि त्याच वाटेने परतायचे, ही व्यवस्था ताईला काही केल्या पटेना. "अहो, पलीकडे नेत नाही, तर हे पैसे कशाचे घेतात?" असे तिने दाजींना विचारले, आणि दाजींनी प्रथमच तिच्या हरकतीस लेखी नाही तरी तोंडी मान्यता दिली.

दुपारी दोन वाजून गेल्यावर तेथील खानावळीत अन्न मिळत नाही, हा नियम मोडणारा एकही फ्रेंच बल्लव न आढळल्याने, वाहनतळावर ताईच्या दशम्या आणि लसणीची चटणी यांच्या साह्याने भोजन उरकून आम्ही पाँ द्यु गारला पोहोचलो. गार्दों नदीवर तीन मजली कमानींचा, सुमारे ४९ मीटर उंचीचा हा रोमन जलसेतू इसवी सनाच्या पहिल्या शतकात उभारला गेला. त्यावरून युझेसचे पाणी नीम शहरास जाई. या दोहोंमधील सरळ अंतर सुमारे २० किलोमीटर. परंतु डोंगर टाळीत येणाऱ्या पाण्याला ५० किलोमीटर चालावे लागे, आणि एवढ्या वाटेवर एकंदर उतार अवघा साडेबारा मीटरांचा, म्हणजे किलोमीटरमागे वीतभर!

कालव्याचे पाणी शेवटच्या गावास पोचत नसल्याचे अर्ज ऐकण्यात ज्यांची निम्मी कारकीर्द खर्ची पडली, त्या दाजींनी हा तपशील दोनदा वदवून घेतला, दौऱ्याचा तक्ता घडी करून खिशात घातला, आणि नदीकाठच्या एका धोंड्यावर बसून ते त्या कमानींकडे पाहत राहिले. भाच्यांनी घड्याळ दाखवले. ताईने हाका मारल्या. परंतु दाजी जे हलले ते तासाभराने, आणि तेही "टेलला पाणी पोचत होतं का, ते पाहू" एवढेच बोलून.

नीमला पोहोचेतो तेथील भव्य रोमन रंगणाचे दरवाजे बंद झाले होते, याचे दाजींना यत्किंचितही वाईट वाटले नाही. शहराच्या उंच भागात, रस्त्याच्या कडेला, एक गोल दगडी टाके आहे. युझेसहून आलेले पाणी येथे पडे आणि भिंतीतील दहा भोकांना जोडलेल्या शिशाच्या नळांतून गावभर वाटले जाई. दाजींनी कठड्यावरून वाकून ती भोके एकेक करून मोजली आणि समाधानाने मान डोलावली. तो एकच पंचनामा त्या दिवशी विनातक्रार पूर्ण झाला.

वाचकांपैकी कोणी त्या बाजूस गेल्यास पोपांचा प्रासाद चुकला तरी चालेल, पण हे टाके अवश्य पाहावे. रस्त्यावरूनच दिसत असल्यामुळे त्याला तिकीटही पडत नाही.