फोडणी बंद, शिकार चालू

विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या शिकारीला निघायचं ठरलं, की आधी घरातली फोडणी बंद होते. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं नाक असं, की शिकारी झाडावर पोचायच्या आत त्याने आदल्या रात्री काय खाल्लं ते हरणाला कळलेलं असतं. आमचे साडू मूळचे मिरजेचे, आता मॅडिसनला सॉफ्टवेअरमध्ये. त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो तो नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. माझ्या स्वागताला बिनफोडणीचा दहीभात आणि उकडलेली अंडी आली.

"दाजी, राग मानू नका," मेहुणी म्हणाली. "हरणांचा हंगाम आहे."

शिकारीचे कपडे घरात येऊच शकत नव्हते. ते बिनवासाच्या साबणाने धुवून, गॅरेजमध्ये झाकणाच्या पेटीत, ओकच्या वाळक्या पानांसकट ठेवले होते. साबणही साधा चालत नाही. कपडे उजळवणारी जी द्रव्यं साबणात असतात त्यांची निळसर चमक हरणाला दिसते. नारिंगी रंग मात्र त्याला नीट कळत नाही. "लग्नातल्या शालूला मी एवढं जपलेलं नाही," मेहुणी म्हणाली, आणि तो शालू कुठल्या ट्रंकेत आहे हे साडूंना ठाऊक नव्हतं, यावरून तिचं म्हणणं खरं असावं.

साडूंना हा नाद शेजारच्या एका निवृत्त दूधवाल्या शेतकऱ्याने लावला. विस्कॉन्सिनमध्ये 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा परवाना हवा असेल, तर सुरक्षिततेचा वर्ग करावा लागतो. साडू त्या वर्गात गेले तेव्हा आजूबाजूला बारा-बारा वर्षांची मुलं होती आणि यांच्या नावामागे पीएच. डी. होती. तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात: काय मारतोय ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे ते कळल्याशिवाय बाण सोडायचा नाही. साडूंना राहवेना. त्यांनी दशरथ आणि श्रावणबाळाची गोष्ट सांगितली. घडा बुडबुडला, राजाला हत्ती पाणी पितोय असं वाटलं, त्याने आवाजावर बाण सोडला. सगळा वर्ग गप्प झाला. मास्तरांनी शांतपणे विचारलं, "किती वाजले होते?"

"रात्र होती."

"म्हणजे वेळेबाहेरची शिकार. आणि हत्तीचा परवाना होता का?"

दशरथाकडे तो नसावा.

साडूंचं धनुष्य बघून मी निराश झालो. त्याला दोन्ही टोकांना चाकं, दोऱ्यांचं जाळं, वर दुर्बिणीसारखं काहीतरी. हॉलिस विल्बर ॲलन नावाच्या मिझुरीच्या माणसाने 1960 च्या दशकात हे कप्प्यांचं धनुष्य काढलं, 1969 ला त्याला पेटंट मिळालं. साठ पौंडांचं धनुष्य पूर्ण ताणलं, की चाकं फिरतात आणि हातावर दहा-बारा पौंडांचाच भार उरतो. मग हरणाने मान वळवेपर्यंत माणूस आरामात थांबू शकतो. दोरी बोटांनी धरायचीच नसते. मनगटाला पट्टा, पट्ट्याला चिमटा, चिमट्याला घोडा, तो तर्जनीने दाबायचा. मी म्हटलं, साडूभाऊ, हे तेव्हा असतं तर एकलव्याने हसत हसत अंगठा दिला असता आणि दुसऱ्या दिवशी सरावाला हजर झाला असता.

तरीही हरीण पुढे असतं. बाण सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास जातो, आवाज अकराशे. तीस यार्डांवरच्या हरणाला दोरीचा टणत्कार आधी पोचतो, ते दचकून खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो. म्हणून वीस यार्डांपर्यंत जवळ यायला हवं. आणि वीस यार्डांवर हिंग लपत नाही.

आम्ही गेलो ते लोअर विस्कॉन्सिन रिव्हरवेवर. विस्कॉन्सिन नदीच्या काठाने ब्याण्णव मैल पसरलेला हा पट्टा. यातली पुष्कळ जमीन सरकारी, म्हणजे कुणीही यावं. हा पट्टा ज्या परगण्यांतून जातो, त्यांतला सॉक परगणा धनुष्यवाल्यांचं जुनं गाव आहे. 1934 साली विस्कॉन्सिनने देशात पहिल्यांदा हरणांसाठी फक्त धनुष्यबाणाचा हंगाम ठेवला तो सॉक आणि कोलंबिया या दोन परगण्यांतच. जंगलांवर लिहिणारा आल्डो लिओपोल्ड स्वतः धनुष्यं तासायचा. त्याची प्रसिद्ध खोपटी सॉक परगण्यातच आहे. त्याच्या बायकोचा, एस्टेलाचा, नेम त्याच्यापेक्षा चांगला होता असं म्हणतात. नवऱ्याच्या छंदात शिरून त्याला मागे टाकणाऱ्या बायकांबद्दल मला आदर आहे.

जमीन सरकारी, म्हणजे फुकट, असं मला वाटत होतं. साडूंनी ते खोडून काढलं. बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर असतो. 1937 च्या कायद्याने त्याचा पैसा वन्यजीवांसाठी राखला. 1972 साली त्या कायद्यात धनुष्यबाणही आले. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला तोही 1972 मध्येच. एकाच वर्षी एका देशाने शिकाऱ्याच्या हातातून हत्यार काढून घ्यायला सुरुवात केली, दुसऱ्याने त्याच्या हातात पावती दिली. साडूंनी आत्तापर्यंत एवढे बाण हरवले आहेत, की त्या जंगलातला एखादा ओक तरी त्यांच्या करातून उभा असेल.

पण खरी मौज पुढे आहे. जमीन सगळ्यांची आणि शिकार एकट्याची. यातून जे शिष्टाचार तयार झालेत ते कुठल्याही फलकावर लिहिलेले नाहीत. ते मोडले, तर कुणी भांडत नाही. वीस वर्षं लक्षात ठेवतात.

पहाटे साडेचारला आम्ही पार्किंगपाशी पोचलो. तिथे एक पिकअप उभी होती. साडूंनी गाडीतून न उतरता दिवे मंद केले आणि मागे वळवली.

"जागा तर पुष्कळ आहे," मी म्हटलं.

"पार्किंगला आहे हो. जंगल गेलं."

एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल जेवढं बोलतो, तेवढं ती पिकअप बोलत होती. फरक इतकाच, की आपल्याकडे रुमाल उचलून बाजूला ठेवणारा एक महाभाग निघतोच. इथे आठशे एकरांवर एक रुमाल पडलेला होता आणि माझे मिरजेचे साडू निमूट पुढच्या स्टॉपला निघाले. शहाण्या शिकाऱ्याकडे म्हणे दुसरी, तिसरी आणि चौथी जागा ठरलेली असते.

दुसऱ्या पार्किंगला आम्ही पहिले. पाच मिनिटांत मागून एक जुनी गाडी आली. पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. त्यांनी काच खाली केली, साडूंनीही केली. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या बाजूला?" साडू म्हणाले, "नदीकडे." ते म्हणाले, "मग मी टेकडीला." दोघांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या. एवढंच. नाव, गाव, कोण कुणाचे, काही नाही. मी तोवर "आपण मूळचे कुठले?" इतपत वाक्य जुळवून ठेवलं होतं. साडूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मचाण पाठीवरून न्यायचं. झाडाला खिळा ठोकायचा नाही, दृष्टीच्या आड येणारी फांदीसुद्धा तोडायची नाही, आणि राज्याच्या या दक्षिण भागात संध्याकाळी ते काढून घरी आणायचं. धनुष्य हातात घेऊन चढायचं नाही. आधी कमरेचा पट्टा झाडाला बांधून माणूस वर जातो, मग दोरीने धनुष्य ओढून घेतो. कपाळावरचा दिवा अंधारात लावूनच चालायचं, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला कळतं की हे चालणारं हरीण नाही. आणि झाडावरून कुणी येताना दिसलं तर हात हलवायचा नाही, तोंडाने बोलायचं. हलणारा पांढरा तळवा आणि हरणाची शेपटी यांत अर्ध्या प्रकाशात फार अंतर नसतं.

साडू वीस फुटांवर बसले, मी खाली दुसऱ्या ओकला टेकून. थंडी शून्याखाली. साडूंनी मला पावडरची एक चिमुकली बाटली दिली होती. ती दाबली की वारा कुठे चाललाय ते कळतं. पहाटे गार हवा उताराने खाली नदीकडे वाहते, ऊन आलं की वर चढते. माझा वास सध्या नदीत जात होता. दोन तास मी तो जाताना पाहिला.

वाळक्या पानांवर चालणारी खार हरणाइतका आवाज करते. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या खारीला माझं काळीज थांबलं. पुढे खारी वाढत गेल्या आणि काळीज सरावलं. वर साडू दर वेळी धनुष्यावर हात नेत आणि मागे घेत. बोलायचं नाही, खोकायचं नाही, नाक ओढायचं नाही. पुणेरी माणसाला दुकानदारासमोर गप्प बसायची सवय असते, तरी मला हे जड गेलं.

नऊच्या सुमारास टेकडीकडून ते दाढीवाले येताना दिसले. लांबूनच थांबले, टोपी काढली आणि हळू आवाजात म्हणाले, "माफ करा, तुमची सकाळ बिघडवतोय. मी एका नराला बाण मारलाय, माग तुमच्या बाजूला येतोय. येऊ का?"

जंगल सरकारी. माग त्यांचा. तरी त्यांनी विचारलं. आणि साडूंची सकाळ खरोखरच संपली होती. तरीही ते लगेच खाली उतरायला लागले. "नाही" म्हणायची सोय या शिष्टाचारात नसावी.

बाण लागल्यावर लगेच धावत नाहीत. निदान अर्धा तास थांबतात. आधी बाण शोधून त्यावरचं रक्त पाहतात. फिकट गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, गडद असेल तर यकृत. हिरवट काही दिसलं तर बाण पोटाला लागलाय, मग आठ-दहा तास त्या बाजूला फिरकायचंही नाही. दाढीवाल्यांचा बाण गुलाबी होता. साडू गुडघ्यांवर बसून पानापानावर थेंब शोधत होते आणि प्रत्येक थेंबापाशी टॉयलेट पेपरचा एक तुकडा ठेवत होते. शेवटी ते सगळे तुकडे वेचून खिशात टाकायचे, हाही नियम. ती पांढरी रेघ वळली तेव्हा शेवटी हरीण पडलेलं होतं. मला आनंद झाला नाही आणि वाईटही फार वेळ वाटलं नाही. ते गृहस्थ मात्र त्याच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग खिशातून फोन काढून त्यांनी नोंदणी केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ती करावी लागते.

आतडी तिथेच ठेवली, गरुडांसाठी. हिवाळ्यात या नदीवर पांढऱ्या डोक्याचे गरुड मोठ्या संख्येने येतात. मग हरीण गाडीपर्यंत ओढायचं. ते दोघे ओढायला लागले. माझ्या वयाला मान देऊन माझ्याकडे दोन्ही धनुष्यं दिली आणि कलेजीची पिशवी दिली. अंतर जेमतेम मैलभर असेल, पण धनुष्याच्या चाकांना प्रत्येक झुडपाने वैयक्तिक विरोध केला.

गाडीपाशी त्यांनी एक मांडी आम्हाला देऊ केली. मी साडूंच्या कानात भाव विचारला. साडू मराठीत पण फार हळू म्हणाले, "विकता येत नाही हो. गुन्हा आहे. नुसतं द्यायचं."

द्यायच्या आधी तपासायचं मात्र असतं. इथल्या हरणांमध्ये मेंदूचा एक चिवट रोग आहे, तो विस्कॉन्सिनमध्ये 2002 मध्ये पहिल्यांदा सापडला. म्हणून मुंडकं पिशवीत घालून, चिठ्ठी लावून सरकारी पेटीत टाकायचं आणि अहवालाची वाट पाहायची. मांस फ्रीजरमध्ये गेलं. मेहुणीने वर चिकटपट्टी लावली: "निकाल बाकी." रोज दार उघडलं की मला दहावीचा जून आठवायचा.

निकाल चांगला लागला. साडूंनी दाढीवाल्यांना आणि त्यांच्या पत्नीला जेवायला बोलावलं. घरात पुन्हा हिंग उडाला, सांगलीहून आलेलं कांदा-लसूण चटणीचं पाकीट फुटलं, कुकर शिट्ट्या घालायला लागला. हरणाच्या मांसाला चरबी फारशी नसते, शिट्टी चुकली तर चिवट होतं. रस्सा वाटीत पडला तेव्हा त्यावर तर्री होती. गृहस्थांनी डोळे पुसले आणि आणखी मागितला.

जेवताना मेहुणीने सहज विचारलं, "तुम्ही त्या दिवशी नक्की कुठे बसला होता?"

साडूंच्या हातातला घास थांबला. या प्रांतात हा प्रश्न पगार विचारण्यासारखा मानतात. गृहस्थ गोड हसले. "जंगलात," ते म्हणाले.

मग त्यांच्या पत्नीने रश्श्याकडे बोट दाखवून विचारलं, "यात काय काय घालता?"

"मसाला," मेहुणी म्हणाली.

"आणि शिट्ट्या किती?"

"अंदाजाने," मेहुणी म्हणाली, आणि त्यांच्या वाटीत वाढायला उठली.